बी पेरली, पुढे काय?

शाळा उघडल्या आणि पाऊस लागला की बालवाडीपासून चौथीपर्यंत सगळीकडे बी रुजवण्याचा उपक्रम सुरू होतो, आणि पाठोपाठ पत्रंही येतात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या बालवाडीत ४ ते ५ वर्षांची ३० मुलं आहेत. दरवर्षी कापसावर मूग ठेवतो. मोड छान येतात, पानंही दिसतात, पण आठ-दहा दिवसांत रोपं माना टाकतात. मुलं हिरमुसतात. आमचं काय चुकतं?
— बालवाडी शिक्षिका, सांगली

उत्तर : रुजवण्यात काही चुकत नाही, त्यानंतरच्या आठवड्यात चुकतं. मुगाची डाळ म्हणून आपण जी दोन दलं खातो, ती खरं तर त्या रोपाची शिदोरी असते. कापसातून आणि पाण्यातून रोपाला पाणी सोडून फारसं काही मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीची सगळी वाढ या शिदोरीवर चालते. मुगाचा दाणा बारका, म्हणून ती लवकर संपते. त्यात कापूस चिप्प भिजलेला असतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. यावर उपाय दोन : दाणा मोठा घ्यायचा आणि रोप वेळेवर मातीत हलवायचं.

चवळी घ्या. पांढरी, लाल, कोणतीही. मुलामागे ३ दाणे धरले तर ९० लागतील. ५० ग्रॅम चवळी पुरून उरते. किडके, भोक पडलेले दाणे आधी वेचून टाका, कारण किडीने नेमका कोंबाचा भाग खाल्लेला असू शकतो. धान्याला एरंडेल लावलेलं असेल तर कोमट पाण्याने चोळून धुवा, नाहीतर दाणा पाणी उशिरा पितो. मग रात्रभर, साधारण ८ तास भिजवा. दिवसभर पाण्यात विसरलेली चवळी फेसाळते, तिला आंबूस वास येतो आणि ती रुजत नाही.

कापसाऐवजी पारदर्शक ग्लास घ्या. टिपकागदाची किंवा पेपर नॅपकिनची दुहेरी घडी ग्लासच्या आतून लावा आणि मधल्या पोकळीत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे दाबून भरा. हे बोळे भरायचं बहुतेक जण विसरतात. मग कागद ओला होऊन लोळतो आणि दाणे तळाच्या पाण्यात जाऊन बसतात. दाणे कागद आणि ग्लास यांच्या मध्ये, काठापासून ३-४ सेंमी खाली, एकमेकांपासून लांब सरकवा. तळाशी फक्त १ सेंमी पाणी. ते कागदातून आपोआप वर चढतं. दाणा ओल्या कागदाला टेकलेला हवा, पाण्यात बुडालेला नको. रोज पाण्याची पातळी बघून चहाच्या चमच्याने २-३ चमचे घाला. मुलांच्या हाती चमचाच द्यावा. तांब्या दिला की ग्लासचं तळं होतं.

मूळ ३-४ सेंमी झालं आणि त्याला बाजूची बारीक मुळं फुटू लागली, की रोप मातीत हलवा. जून-जुलैच्या हवेत हे पाचव्या-सहाव्या दिवशी होतं. मूळ कागदाला चिकटलं असेल तर सोडवत बसू नका, तेवढा कागद फाडून मुळासकट पुरा, तो मातीत कुजून जातो. दह्याचा डबा किंवा बाटलीचा खालचा अर्धा भाग पुरतो. तापवलेल्या खिळ्याने तळाला ३-४ भोकं मोठ्यांनी पाडून द्यावीत. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं मिश्रण. शेणखत जुनं, पूर्ण कुजलेलं हवं. ताज्या शेणाच्या उष्णतेने कोवळी मुळं करपतात. रोप उचलताना पानाला धरायचं, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चेमटलं तर रोप गेलं.

पानं मोठी होताना खालच्या दोन डाळी सुरकुततात, पिवळ्या पडतात आणि गळतात. मुलं म्हणतील, झाड आजारी पडलं. तेव्हा एक न भिजवलेला दाणा आणि ती गळलेली डाळ त्यांच्या तळहातावर शेजारी ठेवा. आत होतं ते कुठे गेलं, याचं उत्तर चार वर्षांचं मूलही देतं.

प्रश्न : ग्लासमधल्या मुळांवर पांढरी बुरशी येते. म्हणून दोनदा सगळं टाकून दिलं. मीठ किंवा हळद टाकू का?
— पालक, नाशिक

उत्तर : दोन्ही टाकू नका, मिठाने तर बी रुजणंच थांबेल. आणि ती बहुतेक बुरशी नसावीच. मुळाच्या टोकाच्या जरा मागे, एक-दोन सेंमीच्या पट्ट्यात मखमलीसारखी पांढरी लव दिसते, ती मूळरोमांची. पाणी शोषायचं मुख्य काम तीच करते.

ओळखायची खूण सोपी आहे. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. मूळरोम मुळाला चिकटून दिसेनासे होतात आणि काही वेळाने पुन्हा उभे राहतात. बुरशी फवाऱ्याने जात नाही. ती मुळापेक्षा दाण्याच्या सालीवर आणि कागदावर जास्त असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, तिच्यात करडे-काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. तसं असेल तर तेवढा दाणा काढून टाका, कागद बदला आणि पाणी कमी करा. मुलांना भिंग द्या. मूळरोमांचा पट्टा मुळाच्या टोकापासून थोडा मागेच का सुरू होतो, हे बघायला सांगा. टोक मातीत घुसत असतं, तिथे रोम असते तर घासून तुटले असते.

प्रश्न : नातू साडेचार वर्षांचा. कुंडीत पेरलेली बी रोज उकरून बघतो. रागावले तर रडतो. काय करावं?
— आजी, सातारा

उत्तर : आजी, उकरू द्या. फक्त उकरायच्या बिया वेगळ्या ठेवा. एका उथळ ट्रेमध्ये किंवा जुन्या परातीत चार बोटं माती घालून भिजवलेल्या चवळीचे १० दाणे एका ओळीत पेरा आणि प्रत्येकाजवळ आइस्क्रीमची काडी रोवा. नातवाने रोज एकच काडी उपटायची, तिथला दाणा काढायचा, धुवायचा आणि जाड कागदावर चिकटपट्टीने लावायचा. दहा दिवसांत बी ते रोप हा क्रम त्याच्याच हाताने तयार होतो. कुंडीतल्या बीला मग तो हात लावत नाही. लावलाच, तर पुढच्या वेळी कुंडीतही दोन दाणे जास्त पेरा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीने स्वयंपाकघरातलं सगळंच पेरलं : तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, साबुदाणा, मोहरी, फुटाणे, पोहे. मोहरी आणि थोडे शेंगदाणे उगवले, बाकी नाही. तिने विचारलं, 'बाकीच्या मेल्या का?' काय सांगू?
— पालक, डोंबिवली

उत्तर : एवढा चांगला प्रयोग पाठ्यपुस्तकातही सहज सापडत नाही. एकेक सांगा.

तूरडाळ म्हणजे अर्धी बी. अख्ख्या तुरीच्या दोन दलांमध्ये, एका कडेला, इवलासा कोंब असतो. मूळ होणारा भाग आणि खोड-पानं होणारा भाग, दोन्ही त्यातच. गिरणीत तूर भरडून साल काढताना दलं सुटी होतात आणि कोंब तुटतो. शिदोरी उरली, खाणारा गेला. अख्खी तूर पेरा, ती उगवेल.

तांदळाचंही तेच. दाण्याच्या एका टोकाला बारीक खाच दिसते, तिथे कोंब होता. कांडून, पॉलिश करताना तो निघून गेला. साळ, म्हणजे तुसासकट भात, मिळाला तर उगवेल. पोहे भात भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात आणि फुटाणे भट्टीत फुटलेले. त्यांतला कोंब उष्णतेने मेला. इथे तिचा 'मेल्या का' हा शब्द बरोबर आहे.

शेंगदाण्यांत थोडेच का उगवले, हे तिच्याकडून शोधून घ्या. एक कच्चा दाणा सोलून दोन भाग करा. टोकाला जे टोचणारं 'नाक' असतं, खाताना सुटं पडतं, तोच कोंब. शेंगा फोडताना ज्यांचं नाक तुटलं ते दाणे उगवले नाहीत. भाजके दाणे तर नाहीच.

साबुदाणा ही बीच नाही. टॅपिओका नावाच्या झुडपाच्या कंदातला पिठूळ भाग काढून, गोळ्या वळून, भाजून आणि वाळवून साबुदाणा करतात. दिसायला गोल आणि दाण्यासारखा असला म्हणून बी होत नाही. मुलांना हे फार आवडतं. तिला पुढच्या फेरीसाठी मेथी, अख्खा हरभरा, कच्चा राजगिरा, राजगिऱ्याच्या लाह्या, बेदाणे आणि धने द्या. पेरण्याआधी तिने अंदाज लिहायचा : उगवेल, नाही, आणि का.

ती भिजवलेले मूग किंवा मटकी बघेल तेव्हा काही दाणे खड्यासारखे कडक राहिलेले दिसतील. उसळीत दाताखाली येणारे ते गणंग. मेलेले नसतात, साल इतकी घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. असा दाणा खरखरीत दगडावर किंवा पॉलिशपेपरवर दोन-तीनदा घासा आणि पुन्हा भिजवा. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी फुगतो.

प्रश्न : पट्टीला वर, मध्ये आणि खाली असे तीन दाणे बांधून ग्लासात ठेवायचा प्रयोग वर्गात केला. पुस्तकाप्रमाणे मधलाच रुजायला हवा, पण पाण्यात बुडालेल्यालाही मोड आला आणि एका गटाचा तर वरचाही रुजला. मुलं म्हणाली, पुस्तक खोटं.
— जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, नांदेड

उत्तर : पुस्तक खोटं नाही, प्रयोगाच्या तयारीत दोन पळवाटा राहिल्या. वरचा रुजला त्या गटाने दाणे आधी भिजवून बांधले असणार. फुगलेल्या दाण्यात रुजायला लागणारं पाणी आधीच असतं. तिन्ही दाणे कोरडे बांधा. दोरा सैल ठेवा, दाणा फुगल्यावर तो रुततो. ग्लासवर झाकणही नको, कोंडलेल्या ओलाव्यात वरच्याला पाणी मिळतं.

बुडालेल्याला मोड येतो कारण नळाच्या पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. त्यावर मूळ जरासं बाहेर येतं आणि मग थांबतं. तीन-चार दिवसांनी तो दाणा मऊ पडतो, पाणी गढूळ होतं. पाणी आधी १० मिनिटं उकळून, झाकून गार करून वापरलंत तर फरक ठळक दिसेल, कारण उकळल्याने त्यातली हवा निघून जाते. मधला दाणा अर्धा बुडालेला राहायला हवा. पाणी उडतं, म्हणून ग्लासवर पातळीची रेघ मारा आणि रोज तेवढं भरा. तो मधला दाणा कोरडा पडला तर कोणीच रुजणार नाही.

आणि मुलांनी जे पाहिलं ते वहीत तसंच लिहू द्या. 'फक्त मधला रुजला' असं लिहायला लावलंत तर पुढच्या वेळी ती ग्लासाकडे बघणारच नाहीत, पुस्तकातून उतरवतील.

प्रश्न : नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान पिवळट येतं. शेतातला गहू हिरवा असतो. मुलगा विचारतो, देवाचं धान वेगळं असतं का?
— पालक, कोल्हापूर

उत्तर : धान तेच, प्रकाश वेगळा. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. तो नसला की पात पिवळी-पांढरी राहते. उंचीही लवकर वाढते, पण ती अशक्त असते. अंधारातला कोंब आपली सगळी शिल्लक लांब होण्यावर खर्च करतो, कारण मातीतून वर उजेडापर्यंत पोचायचं असतं. म्हणून नऊ दिवसांत धान वीतभर वाढतं आणि बाजूला झुकतं.

यातून मुलांच्या मनातला एक पक्का गैरसमजही निघतो. 'बी रुजायला ऊन लागतं' असं बहुतेक मुलं सांगतात, कधीकधी शिक्षकही. गहू, हरभरा, चवळी, मूग अंधारात व्यवस्थित रुजतात. शेतात बी मातीखालीच तर असते. रुजायला पाणी, हवा आणि ऊब हवी. ऊन लागतं ते शिदोरी संपल्यावर, स्वतःचं अन्न करायला.

घटस्थापनेच्या दिवशीच त्याच गव्हाचे दाणे दोन वाट्यांत पेरा. तीच माती, तेवढंच पाणी. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. चौथ्या दिवसापासून रोज दोन्हीतल्या एकेका रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने लावा. पाच वर्षांच्या मुलाला सेंमी कळत नाहीत, पट्ट्या कळतात. कपाटातली पट्टी बरेच दिवस उंच राहते. त्याला विचारा, मग जास्त चांगलं रोप कोणतं? आठव्या दिवशी कपाटातली वाटी खिडकीत आणा. पात एक-दोन दिवसांत हिरवी होते, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडेल. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द या वयात सांगायची काहीही घाई नाही.

प्रश्न : बी उलटी पेरली तर मूळ वर येईल का? पहिलीच्या वर्गातला प्रश्न, मलाही नीट सांगता आलं नाही.
— शिक्षिका, पुणे

उत्तर : नाही. मूळ वळून खालीच जातं. मुळाच्या टोकाच्या पेशींत पिठूळ पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून 'खाली' कुठे ते मुळाला कळतं. मुलांना एवढं सांगायची गरज नाही, दाखवता येतं.

पहिल्या उत्तरातल्या, आतून कागद लावलेल्या ग्लासमध्ये चवळीची मुळं २-३ सेंमी झाली की तळाचं पाणी ओतून टाका, कागद फक्त ओला राहू द्या. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद रबरबँडने बांधा. प्रत्येक मुळाचं टोक जिथे आहे तिथे बाहेरून मार्करने ठिपका द्या आणि ग्लास आडवा ठेवा. गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुस्तकं लावा. दुसऱ्या दिवशी मुळं काटकोनात खाली वळलेली दिसतील. ठिपका बघा : आधी वाढलेला भाग आडवाच राहिला, फक्त टोकाकडचा नवा भाग वळला. ग्लास पुन्हा उभा केलात तर जिन्यासारखी पायरी तयार होते. यासाठी चवळी, वाल किंवा मका घ्या. मुगाची मुळं बारीक असतात, वर्गात मागच्या बाकावरून दिसत नाहीत.

प्रश्न : धने पेरून बारा दिवस झाले, काहीच नाही.
— पालक, ठाणे

उत्तर : एक धणा म्हणजे एक फळ, त्यात दोन बिया असतात. जाडसर फडक्यात घालून लाटण्याने हलकं रगडा. दोन फाका व्हायला हव्यात, पूड नव्हे. ८-१० तास भिजवा आणि १ सेंमी खोल पेरा. तरी ८ ते १५ दिवस लागतात. उन्हाळ्यात, पारा ३५ अंशांवर गेला की उगवण फार कमी होते. लहान मुलाला एवढा धीर नसतो, म्हणून त्याच कुंडीच्या अर्ध्या भागात मेथी टाका. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते.

प्रश्न : हापूस खाऊन कोय जपून ठेवली आहे, मुलीच्या वाढदिवसाला ऑगस्टमध्ये पेरणार आहोत. काय काळजी घ्यावी?
— पालक, चिंचवड

उत्तर : ऑगस्टची वाट बघू नका. गहू-हरभऱ्यासारखी आंब्याची कोय वाळवून ठेवता येत नाही. सुकली की आतला कोंब मरतो आणि महिनाभरात ती बहुधा निकामी होते. आंबा खाल्ला की आठवड्याच्या आत पेरा. वाढदिवसाला रोप भेट द्या, तोवर ते तयार असेल.

कोय धुवून, एक दिवस सावलीत सुकवा. वरचं टणक कवच मोठ्यांनी कडेने कात्रीने उघडावं, आतली बी भुरकट पातळ सालीत असते. ती मऊ, काळी किंवा किडीने पोखरलेली नसावी. भोकं पाडलेल्या खोलगट पिशवीत आडवी ठेवून २-३ सेंमी माती टाका. दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. पानं तांबूस आणि लोंबती असतात, म्हणून घाबरू नका. आंब्याची कोवळी पानं तशीच असतात, काही दिवसांत हिरवी आणि ताठ होतात. दलं मात्र चवळीसारखी वर येत नाहीत, मातीतच राहतात. दोन रोपं शेजारी ठेवून हा फरक मुलीला दाखवा.

आणि तिला हेही सांगा, की या झाडाला हापूसच लागेल असं नाही. फुलाला पराग दुसऱ्या झाडाचाही मिळालेला असतो. म्हणूनच बागायतदार कोयीचं नव्हे, कलमाचं झाड लावतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. डिसेंबरमध्ये घरात प्रयोग केला. रोपं आली, पण दोरीसारखी लांब होऊन पडली.
— पालक, एडिसन

उत्तर : घर गरम असतं म्हणून बी रुजते, पण हिवाळ्यात तुमच्याकडे दिवस लहान आणि सूर्य खाली, त्यामुळे खिडकीतला उजेड पुरत नाही. पांढऱ्या एलईडी दिव्याखाली रोपाच्या शेंड्यापासून १०-१५ सेंमीवर रोज १२-१४ तास ठेवा. नाहीतर चवळीऐवजी मेथी आणि मोहरी घ्या, त्यांना उंच व्हायच्या आत खुडून भाजीत टाकता येतं. रात्री कुंडी खिडकीच्या काचेला टेकवून ठेवू नका, काच बर्फासारखी गार होते.

प्रश्न : कृषी सेवा केंद्रातून मक्याचं बियाणं आणलं, दाणे गुलाबी आहेत. धुवून वापरले तर चालेल का? शाळेत कोणत्या बिया टाळाव्यात?
— अंगणवाडी सेविका, जळगाव

उत्तर : नाही, धुवूनही नाही. गुलाबी, लाल, निळा, हिरवा रंग हा बुरशीनाशक चोळल्याची खूण असते. ते दाणे मुलांच्या हातात द्यायचे नाहीत. कोंबड्यांनाही टाकू नयेत. किराणा दुकानातला, रंग न लावलेला मका घ्या.

सुंदर दिसतात म्हणून मुलं गोळा करतात अशा काही बिया विषारी आहेत : गुंज, एरंड, मोगली एरंड, धोतरा, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाब होतात. राजमा रुजवून बघायला, उघडून दाखवायला उत्तम आहे, पण कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा चघळू देऊ नका; त्याने पोट जोरात बिघडतं.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसमोर सुटे दाणे ठेवू नयेत. हरभरा किंवा शेंगदाणा घशात अडकू शकतो. नाकात-कानात घातलेला दाणा ओलाव्याने फुगून घट्ट बसतो. कानात पाणी किंवा तेल ओतू नका, चिमट्याने ओढू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

प्रश्न : आमची शाळा सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. चौथीच्या मुलांना घरी उपयोगी पडेल असा काही प्रयोग सुचवा.
— शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : उगवणशक्ती तपासा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरणाऱ्या शेतकऱ्याला पेरणीआधी हे करावंच लागतं, आणि चौथीच्या मुलांना ते सहज जमतं.

पोत्यातलं बियाणं वरून, मधून, खालून थोडं थोडं घेऊन एकत्र करा. त्यातून न निवडता १०० दाणे मोजा. चांगले दाणे वेचायचा मोह मुलांना होतो, तो टाळा, नाहीतर निकाल खोटा येतो. ओलं करून पिळलेलं गोणपाट पसरा आणि त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवून. वर दुसरं ओलं गोणपाट घालून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज सकाळी पाणी शिंपडा, पाणी निथळेल इतकं नको. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राची चौपदरी घडी चालते.

सहाव्या-सातव्या दिवशी उघडा आणि तीन ढीग करा : मूळ आणि कोंब दोन्ही ठणठणीत असलेले, वाकडे-तुटके किंवा नुसतंच मूळ आलेले, आणि न रुजलेले. फक्त पहिला ढीग मोजायचा. सोयाबीनसाठी १०० पैकी किमान ७० हे प्रमाण धरतात. ६५ आले तर? मुलांना गणित घाला : हेक्टरी ७५ किलो बियाणं ७० टक्क्यांना पुरतं, तर ६५ टक्क्यांना किती? साधारण ८१ किलो. शेकडेवारी चौथीला जड गेली, तर 'दहाच्या ओळीत किती रुजले' असं दहा ओळींचं मोजून बेरीज करा.

दुसऱ्या ढिगातले दाणे टाकू नका, भिंगाखाली बघा. सोयाबीनची साल पातळ असते आणि मूळ होणारा कोंब सालीला लागूनच असतो, म्हणून तो मार बसून लवकर दुखावतो. एका गटाला ५० दाण्यांची पुरचुंडी बाकाच्या उंचीवरून फरशीवर वीस-पंचवीस वेळा आपटू द्या, दुसऱ्या गटाचे ५० तसेच राहू द्या, आणि दोन्ही गुंडाळ्या शेजारी ठेवा. पोती गाडीतून खाली फेकायची का नाहीत, हे घरी सांगायला मुलांकडे मग आकडे असतील.